शेकोटीची शाळा

डिसेंबर उजाडला की शहरांतील शाळांच्या सूचनाफलकांवर हिवाळी शिबिरांची परिपत्रके झळकू लागतात. पवना धरणाचा काठ, भंडारदरा, राजमाची, कर्जत परिसरातील एखादे कृषी पर्यटन केंद्र अशी ठिकाणे ठरतात आणि कार्यक्रमपत्रिकेत रात्री आठच्या पुढे 'कॅम्पफायर' हा शब्द हमखास असतो. प्रत्यक्षात घडते ते असे: केंद्रावरचा कामगार पाच-सहा जाडजूड ओंडके एकावर एक रचतो, त्यांवर डबाभर रॉकेल किंवा डिझेल ओततो आणि लांबून पेटता बोळा फेकतो. भडका उडतो, मुले टाळ्या वाजवतात, ध्वनिक्षेपकावर गाणी सुरू होतात. दीड-दोन तासांनी मुले तंबूत झोपायला जातात. निखाऱ्यांचे पुढे काय झाले, हे कोणी पाहत नाही.

या सगळ्यात मुलांनी शेकोटी पाहिली, पण ती शिकली मात्र नाहीत. उलट, पाहिले त्यातील बहुतेक गोष्टी चुकीच्या होत्या. आग पेटवायची तर तेल ओतायचे, ती जितकी मोठी तितकी चांगली आणि ती विझवण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी असते, हे तीन धडे घेऊन मुले घरी परततात.

शहरातील मुलांच्या आयुष्यातून विस्तव जवळजवळ हद्दपार झाला आहे. आजीच्या घरची चूल गेली, बंब गेला, स्टोव्ह गेला. गॅसच्या शेगडीला लायटर आला, त्याही पुढे जाऊन अनेक स्वयंपाकघरांत इंडक्शनची काचेची शेगडी आली, जिच्यात ज्वाळा दिसतच नाही. देव्हाऱ्यातील समईच्या जागी विजेचा दिवा आला. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती काडेपेटी दिली, तर काडी कोठे धरावी आणि कोणत्या दिशेने ओढावी, येथपासून सांगावे लागते. विस्तवाशी ओळख होते ती थेट दिवाळीच्या फटाक्यांतून, म्हणजे त्याच्या सर्वांत बेभरवशाच्या रूपातून.

अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ डॅनियल फेस्लर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याविषयी एक लक्षणीय निरीक्षण मांडले आहे. ज्या समाजांत विस्तव हे रोजच्या वापराचे साधन आहे, तेथे मुले लहान वयातच तो हाताळायला शिकतात आणि एकदा हात बसला की त्यांचे त्याविषयीचे कुतूहल ओसरते. जेथे मुलांना विस्तवापासून दूर ठेवले जाते, तेथे मात्र हे कुतूहल पौगंडावस्थेपर्यंत टिकून राहते. आपल्याकडे याचा पडताळा घेणे अवघड नाही. रोज चुलीपुढे बसणाऱ्या खेड्यातील मुलीला शेकोटीचे अप्रूप नसते. इमारतीच्या मागे चोरून कागद पेटवणारा मुलगा बहुधा शहरातला असतो.

तेव्हा प्रश्न मुलांना विस्तवाजवळ जाऊ द्यावे की नाही, हा उरत नाही. ती कधी ना कधी जाणारच आहेत. ती जातील तेव्हा शेजारी जाणते माणूस असेल की नसेल, एवढेच आपल्या हाती आहे.

बालवीर चळवळीने ही गोष्ट शतकापूर्वीच ओळखली होती. बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर भरवले. पुढच्याच वर्षी त्यांचे 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक निघाले. त्यात द्वितीय श्रेणीच्या बालवीराला जी परीक्षा द्यावी लागे, तिच्यात शेकोटी रचून ती जास्तीत जास्त दोन काड्यांत पेटवण्याची अट होती. ही अट वरकरणी खेळकर वाटते, पण तिच्यात मोठी युक्ती आहे. दोनच काड्या हाती असल्या की मुलाला पेटवण्यापूर्वी विचार करणे भाग पडते. जागा, वारा, सरपण, रचना हे सारे आधी नीट जमवावे लागते. रॉकेलच्या डब्याने नेमका हाच विचार वाचतो आणि म्हणून शिकवण्याच्या दृष्टीने तो निरुपयोगी आहे. तो धोकादायक का आहे, ते पुढे पाहू.

जागा आणि पाणी

पहिला धडा काडेपेटी खिशात ठेवूनच द्यायचा. मुलांना सोबत घेऊन जागा निवडावी. वर झाडाची फांदी नको, जवळ तंबू, गवताची गंजी किंवा वाळलेले रान नको. पाऊस संपून दोन-तीन महिने उलटले की सह्याद्रीतील गवत सोनेरी होते. ते दिसायला सुंदर असले, तरी एका ठिणगीला पुरेसे असते. शेकोटीच्या मध्यापासून चहूबाजूंनी निदान दहा फुटांचे वर्तुळ पाचोळा, गवत, काटक्या काढून उघड्या मातीपर्यंत स्वच्छ करावे. हे काम मुलांना आवडते आणि हातांनी केल्यामुळे त्यामागचे कारणही लक्षात राहते.

झाडाच्या बुंध्याशी, मुळांवर शेकोटी पेटवू नये. कुजलेल्या पाल्याचा आणि मुळांचा थर आतल्या आत धुमसत राहतो आणि शेकोटी विझल्यावर दुसरीकडेच धूर निघू लागतो. जेथे पूर्वी शेकोटी पेटलेली आहे अशी जागा सापडली, तर तीच वापरावी. नवी जमीन भाजण्याचे कारण नाही. भोवती दगड मांडायचे असतील, तर ते ओढ्यातून उचलून आणलेले नकोत. सच्छिद्र दगडात मुरलेल्या पाण्याची तापल्यावर वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि दगड फुटून त्याच्या कपच्या उडतात. कोरड्या माळावरचे दगड बरे.

आणि पाणी. काडी ओढण्यापूर्वी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या आणि एक फावडे शेकोटीपासून हाताच्या अंतरावर हवे. पाणी आणायला विहिरीवर जावे लागणार असेल, तर ते पाणी नसल्यासारखेच आहे. वारा सुसाट असेल तर त्या दिवशी शेकोटी पेटवायची नाही. मुलांचा विरस होईल, हे खरे. परंतु जमवलेले सरपण तसेच ठेवून परत फिरण्याचा निर्णय मुलांच्या डोळ्यांदेखत घेणारा मोठा माणूस त्यांना जे शिकवतो, ते कोणत्याही प्रात्यक्षिकाहून अधिक टिकते.

सरपणाची पारख

लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण ज्वाळा दिसते ती लाकडातून निघणाऱ्या वायूंची. लाकूड तापू लागले की आधी त्यातील पाणी वाफ होऊन जाते. ते जाईपर्यंत लाकडाचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर चढत नाही. पुढे अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ते हवेतील प्राणवायूशी मिसळून पेट घेतात. वायू संपले की उरतो तो कोळसा, म्हणजेच निखारा. तो ज्वाळेशिवाय, पण अधिक शांत आणि टिकाऊ उष्णता देतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. सगळी उष्णता ते उकळण्यातच खर्ची पडते, म्हणून ओले लाकूड नुसते धुमसते आणि डोळ्यांत पाणी आणते. एवढे विज्ञान सहावी-सातवीच्या मुलाला सहज समजते. पाठ्यपुस्तकातील इंधन, उष्णता आणि प्राणवायू यांचा त्रिकोण येथे प्रत्यक्ष हाताळता येतो.

सरपण तीन प्रकारचे लागते आणि मुलांची गफलत येथेच होते. त्यांना थेट ओंडका पेटवायचा असतो. सुरुवात करायची ती चटकन पेट घेणाऱ्या भुसभुशीत जळणाने: वाळके गवत, झाडाची सुटलेली साल, सुकलेला पालापाचोळा, नारळाच्या सोडणाचे पिंजलेले तंतू. कोकणात तर हा प्रश्नच नाही. वाळलेल्या चुडतीचे एक पान पुरते. त्यानंतर काटक्या, आगपेटीच्या काडीएवढ्या बारीक ते पेन्सिलीएवढ्या जाड. घाटमाथ्यावर कारवीच्या वाळक्या काठ्या मिळाल्या, तर त्या फार उत्तम पेटतात, मात्र तेवढ्याच लवकर संपतात. शेवटी अंगठ्यापासून मनगटापर्यंतच्या जाडीची लाकडे. बाभळीचे लाकूड उशिरा पेटते, पण त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. मुलांना सांगावे, की जेवढ्या काटक्या पुरेशा वाटतात त्याच्या तिप्पट गोळा करा. काडी ओढल्यावर काटक्या शोधायला धावणारी मुले हे फसलेल्या शेकोटीचे नेहमीचे दृश्य आहे.

काटकी वाळकी आहे की नाही, हे कानाने ओळखता येते. वाकवल्यावर कट्कन मोडली तर वाळकी. नुसती वाकली किंवा साल धरून लोंबली तर ओली. झाडावरची फांदी तोडायची नाही, जमिनीवर पडलेलेच उचलायचे. तेही दिवसाउजेडी आणि आधी काठीने उलटवून. सह्याद्रीत पडलेल्या लाकडाखाली विंचू असतो, क्वचित फुरसेही. अंधारात हात घालून सरपण गोळा करणे हा शिबिरांतील एक खरा धोका आहे, आणि त्याचा आगीशी काहीच संबंध नाही.

काही झाडे वर्ज्य आहेत. कण्हेरीचा धूर विषारी असतो. चिकाचे शेर-निवडुंगही शेकोटीत नकोत. बिब्ब्याच्या झाडाचे लाकूड ओळखता येत नसेल, तर अनोळखी लाकूड न घेणेच श्रेयस्कर. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि धूरही बाधतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेफर्सची चकचकीत पाकिटे, थर्माकोलच्या ताटल्या यांची शेकोटीत विल्हेवाट लावण्याची खोड तर मोठ्यांकडूनच मुलांकडे येते. रंग दिलेले किंवा प्लायवूडचे तुकडेही त्याच वर्गातले.

काडी ओढताना

रचना साधी असावी. मधोमध मूठभर भुसभुशीत जळण, त्याभोवती बारीक काटक्यांचा शंकू आणि वाऱ्याच्या बाजूला खाली एक छोटेसे दार. काटक्या एकमेकींना टेकलेल्या हव्यात, पण दाटीवाटीने कोंबलेल्या नकोत. मधून हवा खेळली पाहिजे. जाड लाकडे अजून बाजूलाच. मुलांना आधी दोन-तीनदा न पेटवता नुसती रचना करू द्यावी. ती मोडावी, पुन्हा रचावी. या टप्प्यावर घाई करणारे बहुधा शिक्षक असतात, मुले नव्हेत.

काडी ओढण्याचा सराव वेगळा घ्यावा लागतो. आगपेटी बंद करून मगच काडी ओढायची, अंगापासून दूर, मधोमध धरून. पेटल्यावर टोक किंचित खाली झुकवले की ज्वाळा काडीवर वर चढते आणि काडी नीट धरते. मात्र फार झुकवली तर बोटांपर्यंत लगेच येते. पाठ वाऱ्याकडे करून गुडघ्यावर बसावे, दुसऱ्या हाताचा आडोसा करावा आणि त्या छोट्या दारातून काडी आतल्या जळणाच्या तळाशी लावावी. ज्वाळा वर जाते, म्हणून पेटवायचे खालून. वरून लावलेली काडी वरचेवर विझते आणि मुलाची दोन्ही काड्यांची संधी जाते. जाऊ द्यावी. काय चुकले हे त्याने स्वतः शोधले पाहिजे.

फुंकर मारायची ती खाली, निखाऱ्यावर, लांब आणि सावकाश. चेहरा बाजूला वळवून श्वास घ्यायचा, नाहीतर धूर छातीत जातो. जुन्या घरांतील फुंकणी याचसाठी होती. चेहरा दूर ठेवून हवा नेमक्या ठिकाणी पोचवायची. बोरूच्या किंवा बांबूच्या पोकळ नळीने मुले हे काम आनंदाने करतात. शेकोटी धरली की एकेक जाड लाकूड ठेवायचे, टाकायचे नाही. टाकलेल्या लाकडाने ठिणग्या उडतात.

आता त्या डब्याविषयी. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणजे आपल्याकडच्या थंडीत ओतलेल्या पेट्रोलची वाफ काडी ओढण्यापूर्वीच जमिनीलगत कित्येक फूट पसरलेली असते, आणि पेट घेते ती ती वाफ. पेटवणारा तिच्या मध्यात उभा असतो. रॉकेल आणि डिझेल थंड असताना एवढे भडकत नाहीत, त्यामुळे ते सुरक्षित आहेत असा समज रूढ आहे. परंतु मंदावलेल्या शेकोटीवर, तापलेल्या निखाऱ्यांवर ते ओतले की क्षणात त्यांची पांढरी वाफ उठते आणि ती पेटली की ज्वाळा थेट डब्याकडे, म्हणजे हाताकडे येते. मंद झालेली शेकोटी पुन्हा पेटवण्यासाठी ओतलेले तेल हा सर्वांत वाईट प्रसंग होय. सॅनिटायझर आणि स्पिरिट यांना हेच लागू. शिवाय त्यांची ज्वाळा दिवसा नीट दिसतही नाही. शिबिराच्या जागी शेकोटीसाठी तेल वापरतात का, हा प्रश्न पालकांनी पैसे भरण्यापूर्वी विचारावा. उत्तर देताना आयोजक चाचरले, तर तेही एक उत्तरच आहे.

भोवती बसताना

नायलॉन, पॉलिस्टरचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. थंडीसाठी घातलेली चकचकीत जाकिटे बहुधा याच धाग्यांची असतात, म्हणून ती घालून ज्वाळेजवळ काम करू नये. अंगाबरोबरचे सुती किंवा लोकरी कपडे, बांधलेले केस, पायांत बंद बूट. ओढणी आणि मफलर काढून ठेवावेत. पेटवणाऱ्या मुलांची संख्या एका वेळी दोन-तीनच असावी आणि प्रत्येक गटासाठी एक मोठा माणूस, ज्याच्या हातात मोबाइल नसेल असा. बाकीच्यांनी जमिनीवर काढलेल्या रेषेबाहेर बसायचे. रेषेच्या आत धावायचे नाही, ढकलाढकली नाही, पेटलेली काठी हातात घेऊन फिरायचे नाही. दुर्गंधीनाशकाचे डबे किंवा बॅटरीचे सेल आत टाकून 'गंमत' पाहणारा एखादा तरी प्रत्येक गटात असतो. त्यालाच शेकोटीचा राखणदार नेमावे, हा अनेक शिबिरप्रमुखांचा अनुभवसिद्ध उपाय आहे.

कपड्यांनी पेट घेतला तर पळायचे नाही. थांबायचे, चेहरा हातांनी झाकून जमिनीवर आडवे व्हायचे आणि लोळायचे. हे शेकोटी पेटवण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून प्रत्यक्ष करून घ्यावे. त्या वेळी हशा पिकतो, पण शरीराला ते आठवते. भाजलेल्या भागावर साधे, वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट आणि तूप तर नकोच. अंगठी, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे, चिकटलेला कपडा ओढू नये. नंतर स्वच्छ कापडाने सैल झाकून रुग्णालय गाठावे. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा भाजलेला भाग मुलाच्या तळहाताहून मोठा असेल, तर १०८ ला दूरध्वनी करण्यात वेळ दवडू नये.

थंडी फार आहे म्हणून निखाऱ्यांचे घमेले तंबूत किंवा बंद खोलीत नेण्याचा मोह होतो. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला तो जागाही करत नाही.

दुसऱ्या दिवशीची राख

शेकोटीतला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे ती विझवणे. आपल्याकडे सर्रास वाळू किंवा माती लोटली जाते आणि धूर दिसेनासा झाला की काम झाले असे मानले जाते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील बालरुग्णालयाच्या डॉक्टरांनी शेकोटीने भाजलेल्या मुलांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले, की बहुसंख्य मुले ज्वाळांनी भाजलेलीच नव्हती. ती गरम राखेने आणि निखाऱ्यांनी भाजली होती. वाळूने झाकलेल्या शेकोटीचे तापमान त्यांनी मोजले, तेव्हा आठ तासांनंतरही ते शंभर अंशांच्या घरात होते. पाणी ओतलेली शेकोटी मात्र दहा मिनिटांतच निवली. वाळू उष्णता विझवत नाही, ती राखून ठेवते. सकाळी अनवाणी धावत येणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला ती नुसती वाळूच दिसते.

म्हणून रीत अशी: झोपण्याच्या निदान अर्धा तास आधी लाकडे घालणे थांबवावे. मग बाजूला उभे राहून थोडे थोडे पाणी ओतावे, कारण एकदम ओतले तर गरम वाफ अंगावर येते. काठीने ढवळावे, पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणे. ओंडके उलटून त्यांची खालची बाजू भिजवावी. शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ न्यावी. ऊब लागत असेल, तर शेकोटी विझलेली नाही. ज्या मुलाने काडी ओढली, त्यानेच ही परीक्षा मोठ्यांच्या देखत घ्यावी.

राखीव जंगलात मात्र यातले काहीच करायचे नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार तेथे आग लावणे वा पेटती ठेवून जाणे हा गुन्हा आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने अभयारण्यांपुरती तशीच मनाई केली आहे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर वणव्यांचा हंगाम सुरू होतो, वनखाते जाळरेषा काढण्याच्या मागे असते आणि डोंगरावरचे एकही पान ओले नसते. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने वेढलेल्या गिर्यारोहकांपैकी वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. वाळक्या गवताच्या उतारावर आग माणसापेक्षा वेगाने वर चढते. गडकिल्ल्यांवर, पुरातन वास्तूंच्या आडोशाला शेकोटी पेटवणाऱ्यांनी तर दगडांवर उमटलेली काजळी एकदा दिवसा पाहावी. नॉर्वेसारख्या देशात शेकोटी हा बालवाडीपासूनच्या मुलांच्या रानातील दिवसाचा भाग असतो, तरीही तेथे १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात जंगलात व त्यालगत उघडी आग पेटवण्यास सर्वसाधारण मनाई आहे.

डोंगरात जाणे जमत नसेल, तर पहिला धडा घराजवळही देता येतो. सोसायटीच्या मैदानाचा कोपरा, पदाधिकाऱ्यांची परवानगी, विटांवर ठेवलेले आणि तळाशी चार बोटे वाळू भरलेले लोखंडी घमेले, पाण्याची बादली आणि मूठभर काटक्या एवढे साहित्य पुरते. सात-आठ वर्षांच्या मुलाने येथे फक्त काडी ओढून पणती लावावी, दहा-अकराच्या मुलाने संपूर्ण रचना करावी. काटक्या वीस मिनिटांत जळून जातात. मग पाणी ओतून, ढवळून, हाताच्या मागच्या बाजूने तपासून राख थंड झाल्याची खात्री करायची, घमेले रात्रभर मुलांच्या वाटेबाहेर ठेवायचे आणि सकाळी ती राख कुंड्यांत टाकायची.